डोक्यावर तट घेतलेली बाई

आमची अकरा दुकानं पाडायची हे ठरून गेलं होतं. राहिला होता एकच प्रश्न: नव्या इमारतीत आम्हाला गाळे मिळणार की नाही. तो प्रश्न एका साहेबाच्या हातात होता, आणि त्या साहेबाच्या खुर्चीमागं एक जुनं चित्र टांगलेलं होतं. त्या चित्राबद्दल मी तोंड उघडलं. काय बोललो आणि त्यातून काय झालं, ते मला लिहून ठेवायचं आहे. माझं शिक्षण कन्नड शाळेत चौथीपर्यंत. मराठी वाचायला आईनं पोथीवरून शिकवलं. शुद्धलेखन तपासायला कुणाला यायचं असेल तर त्यानं खुशाल यावं, पण झालं ते मी जसंच्या तसं सांगणार.

मी फ्रेमा करणारा. वडील फ्रेमा करायचे, त्यांच्यामागं मी. बेंगळुरूच्या जुन्या पेठेत आमचं दुकान, सहा फूट रुंद. देवांच्या तसबिरी, मेलेल्यांचे फोटो, लग्नाचे फोटो, पोरांची सर्टिफिकिटं. आमची घराणी इथं साडेतीनशे वर्षं आहेत. पुण्याकडून नोकरीला आलेले लोक आमचं मराठी ऐकून हसतात. हसोत. 

माझ्या शेजारी बांगडीवाला. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला अण्णा म्हणायचा. तोही आमच्यातलाच. घरी मराठी, आणि दुकानात ज्या हातात बांगडी भरायची त्या हाताची भाषा. बायको वारलेली. एकुलती एक मुलगी सासर सोडून परत आली होती, ती बापाबरोबर दुकानात बसायची. माझा मुलगा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. दुकान गेलं तरी मी उपाशी मरणार नव्हतो. बांगडीवाल्याचं तसं नव्हतं. हे मी आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्याचं वजन या एका गोष्टीवर आहे, आणि त्या दिवशी मी ती विसरलो होतो. विसरलो म्हणणंही खरं नाही. मला ती दिसत होती.

अकरा जणांनी आम्हा दोघांना पुढं केलं. मला, कारण मी सगळ्यांत म्हातारा. त्याला, कारण त्याची जीभ गोड. सुनावणीला आम्ही चार वेळा गेलो आणि चारही वेळा बाकावर बसून परत आलो. कचेरी कुठली ते लिहीत नाही. साहेबाच्या खोलीचं दार उघडं असायचं, आणि बाकावरून समोर ते चित्र दिसायचं.

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं चित्र ओरखडायचं, पत्रा तेजाबात बुडवायचा, मग शाई भरून कागदावर दाबायचं. अशी ती जात. लोक एचिंग म्हणतात. गोऱ्यांच्या राज्यात कुणीतरी विलायतेहून आणून टांगलं असणार. फ्रेम मात्र माझ्या वडिलांची. काळं पॉलिश, सागवान, कोपऱ्याच्या जोडात तेव्हाही पोस्टकार्ड शिरलं नसतं. मी शाळा सोडली त्या साली ती बनवली होती. 

चित्रात मध्ये एक बाई बसलेली. धिप्पाड. एका हातात ही मोठी किल्ली. दुसरा हात पुढं केलेला. त्या हाताखाली एक माणूस गुडघ्यांवर, मान खाली, समोर टोपली, आणि बाईचा हात न् टोपली यांच्यामध्ये दाणे. बाईच्या पायाशी सिंह, कुत्र्यासारखा मुकाट. आणि सगळ्यात खाली एक दाढीवाला उघडा म्हातारा आडवा पडलेला, बगलेत घागर कलंडलेली, तिच्यातून पाणी वाहतंय.

बांगडीवाला म्हणाला, “अण्णा, ही देवी कुठली हो?”

“देवी नव्हे. शहर आहे ते.”

“शहर कुठं बाई असतंय?”

“आपली गावदेवी बाईच ना? वेशीवर बसते, तिला विचारल्याशिवाय गावात रोगराई शिरत नाही म्हणतात. तसलीच ही, गोऱ्यांची. डोक्यावर काय आहे बघ. मुकुट नाही. तट आहे. बुरूज मोज.”

त्यानं डोळे बारीक करून मोजले. “पाच. आणि मध्ये दरवाजा. खरंच की! मान मोडत नसेल बाईची?”

“शहराची मान मोडत नाही.”

“आणि खाली हा कोण? दारू प्यालाय काय?”

तो म्हातारा मला पहिल्याच दिवशी कळला होता. तो पाणी आहे. त्यांच्याकडं नद्या पुरुष असतील. पण मला तो नदी वाटला नाही, तळं वाटला. या शहरात मी लहानपणी ज्या तळ्यांत पोहलो त्यांच्यावर आज बस थांबतात, मॅचेस होतात, लोकांचे फ्लॅट आहेत. पावसाळ्यात पाणी तळमजल्यात शिरलं की लोक म्हणतात, पाणी आलं. आलं कुठून? ते तिथंच होतं, त्याच्या अंगावर जाऊन तुम्ही बसलात. त्या बाईचा पदर पार त्या म्हाताऱ्याच्या छातीवर आला होता. मला ते फार खरं वाटलं. चार सुनावण्या मी त्या म्हाताऱ्याकडंच बघत काढल्या.

पाचव्या वेळी साहेबानं आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. चाळिशीचा असेल, कपाळाला गंध. आम्हाला बसा म्हणाला आणि शिपायाला म्हणाला, “ते चित्र काढ आणि खाली गोडाउनात टाक.” झालं होतं असं, की कुणी वास्तू बघणारा येऊन गेला होता. त्यानं सांगितलं, खुर्चीमागची देवी डाव्या हातानं देते, म्हणून तुमची बढती अडते.

आणि खरंच, चित्रात पुढं केलेला हात डावा होता. किल्ली उजव्या हातात. चार वेळा बघून माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. आपल्याकडं डाव्या हातानं प्रसादही घेत नाहीत, मग देवीनं डाव्या हातानं द्यायचं म्हणजे काय. शिपाई स्टुलावर चढला. माझ्या वडिलांची फ्रेम गोडाउनात वाळवीच्या तोंडी जाणार. मी बोललो.

“साहेब, तो डावा हात नाही.”

“अज्जा,” साहेब म्हणाला, इथं आजोबांना अज्जा म्हणतात, “मला दिसतंय की.”

“दिसतो डावा. आहे उजवा.” साहेबाच्या टेबलावर रबराचा शिक्का होता. मी तो उचलला, विचारलं नाही, आणि उलटा करून त्याच्या डोळ्यांपुढं धरला. “वाचा बरं. अक्षरं उलटी आहेत ना? कागदावर मारलं की सुलटी. चित्रवाल्यानं पत्र्यावर सुलटं काढलं, ते कागदावर उलटं आलं. शिक्का करणारा आधीच उलटं कोरतो. हा चित्रवाला विसरला, नाहीतर त्याच्या देशात डाव्याउजव्याचं कुणाला काही नसेल. बाई उजव्या हातानंच करते आहे.”

हे मला उदबत्तीच्या लेबलांच्या छापखान्यात काढलेल्या दोन वर्षांत कळलेलं. साहेब शिक्क्याकडं बघत राहिला, मग चित्राकडं, मग मोठ्यानं हसला. शिपायाला म्हणाला, “उतर खाली, कॉफी आण.”

त्या कॉफीनं माझा घात केला. पाच महिन्यांत पहिल्यांदा आम्हाला कुणी खुर्ची दिली होती. साहेब म्हणाला, “तुम्ही शिकलेले दिसता.” मी म्हटलं, “चौथी.” तो म्हणाला, “चौथीवाल्यानं माझं चित्र वाचवलं!” आणि मग त्यानं सांगितलं, की हे चित्र तो नव्या इमारतीच्या दारात लावणार, शेजारी अर्थ सांगणारी पाटी. परवा मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. “तुम्ही या आणि त्यांना स्वल्प समजावून सांगा. थोडक्यात. त्यांना असल्या गोष्टींची आवड आहे. तुमच्या गाळ्यांचा कागद मी तेव्हाच पुढं ठेवतो. खूश असले की सही करतात.”

बाहेर आल्यावर बांगडीवाल्यानं माझे पाय धरायचे बाकी ठेवले. “अण्णा, झालं काम! परवा एवढंच सांगा, शहरदेवी गरिबाला धान्य वाटते आहे. त्यांनाही बरं, आपल्यालाही बरं.”

मी म्हटलं, “वाटत नाही. ती घेते आहे.”

तो थांबलाच. रस्त्यात, रिक्षांच्या मध्ये. “घेते? दाणे खाली पडताहेत की.”

“दाणे मध्ये आहेत. वर जातात की खाली, चित्रात काय कळतं? त्या माणसाची मान बघ. ज्याला कुणी देतो तो वर बघतो. कर भरणारा खाली बघतो. आणि किल्ली कशाला हवी? कोठारात टाकून कुलूप लावायला.”

“अण्णा, मानेचं मला माहीत नाही. हाताचं मला माहीत आहे.” त्यानं माझं मनगट धरलं, गिऱ्हाइकाचं धरतात तसं, अलगद. “चाळीस वर्षं मी हात धरतोय. घेणारा हात असा, मनगटात ताठ. देणाऱ्याचं मनगट सुटलेलं असतंय. त्या बाईचं मनगट सुटलेलं आहे. काढणाऱ्यानं मुद्दाम काढलंय. ती देते आहे.”

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, “तुझा गाळा बोलतोय, तू नाही.”

हे मी बोललो. त्याचं तोंड उतरलं, पण तो भांडला नाही. थोडं चालून म्हणाला, “असू दे. घेत असेल तर घेत असेल. पण तसं सांगू नका. पोरीकडं बघून तरी सांगू नका.”

“चित्राला मी खोटं बोलायला लावणार नाही.”

“मग गप्प तरी बसा, अण्णा. मला कळत नाही म्हणा. त्यात काय जातंय तुमचं?”

त्यात माझं सगळंच जात होतं, असं मला तेव्हा वाटलं. चौथीवाल्यानं चित्र वाचवलं होतं. आता तोच चौथीवाला म्हणणार, मला कळत नाही?

परवा उजाडला. मोठे साहेब आले, बरोबर चारपाच जण. आमचा साहेब पुढं होऊन म्हणाला, “हे अज्जा जुने फ्रेमवाले. यांनी फार छान अर्थ लावलाय. सांगा अज्जा. देवी प्रजेला धान्य वाटते आहे, ना?” उत्तर माझ्या तोंडात घालूनच दिलं त्यानं. मला फक्त हो म्हणायचं होतं. बांगडीवाला दाराशी उभा होता. त्यानं छातीपाशी हात जोडलेले होते. साहेबांना नव्हते जोडलेले. मला.

मी म्हटलं, “वाटत नाही, साहेब. घेते आहे. हे शहर आहे. पायाशी सिंह बसवलाय, हातात किल्ली, आणि जो पिकवतो त्याला गुडघ्यांवर आणून घेते आहे. आणि खालचा म्हातारा म्हणजे इथलं तळं. त्याच्या छातीवर बसली आहे. त्याची जागा कुठं गेली ते कुणी त्याला विचारलं नाही. आम्हालाही विचारलं नाही.”

मोठे साहेब इंग्रजीत काहीतरी बोलले. एकजण हसला. आमचा साहेब म्हणाला, “सरी अज्जा, सरी. ठीक आहे. झालं.” आणि आमचा कागद त्यानं फायलीखाली सरकवला. मी तो सरकताना पाहिला.

बस स्टॉपवर बांगडीवाल्यानं एवढंच विचारलं, “बरं वाटलं?”

मला बरं वाटलं होतं. तीन आठवडे बरं वाटत होतं. मग पत्र आलं: जुन्या भाडेकरूंना गाळे नाहीत, सगळ्या गाळ्यांचा लिलाव. माझ्या बोलण्यामुळं झालं का? एक कारकून म्हणाला, ते वरून आधीच ठरलं होतं. शिपाई म्हणाला, मोठे साहेब चिडले होते. दोघांपैकी खरं कोण, ते मला आजवर कळलेलं नाही. बाकीच्या नऊ जणांना मात्र लगेच कळलं. माझ्या दुकानासमोरून जाताना ते आपसात जोरानं म्हणायचे, “चित्रपंडित आत आहेत काय बघा.” बांगडीवाला त्यांत कधी सामील झाला नाही. त्यानं फक्त मला अण्णा म्हणायचं सोडलं. समोर आला की शटरशी काहीतरी करत बसायचा.

एका सकाळी जेसीबी आला आणि दोन तासांत अकरा दुकानं झोपली. माझ्या भिंतीला वडिलांनी ठोकलेल्या खिळ्यांच्या रांगा होत्या, त्या भिंतीसकट गेल्या. बांगडीवाला मुलीला घेऊन हेब्बाळकडं कुठंतरी एका खोलीत राहायला गेला. मुलगी कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागली. मी मुलाच्या फ्लॅटवर आलो. नवव्या मजल्याच्या बाल्कनीत करवत आणि पट्ट्या ठेवल्या. सून म्हणाली, भुसा उडतो. म्हणून त्याही बांधून ठेवल्या.

वर्षभरानं कचेरीतून माणूस आला. नवी इमारत झाली होती. चित्र दारात लावायचं होतं, पण फ्रेमेला मागून वाळवी लागलेली, आणि साहेबानं सांगितलं होतं, त्या अज्जालाच बोलवा. मी जाणार नव्हतो. मुलगाही म्हणाला, जाऊ नका. पण दुसऱ्या कुणी ती वडिलांची फ्रेम पक्कड घालून फोडली असती. गेलो.

व्हरांड्यात टेबल मांडलं. शिपाई चित्राचं एक टोक धरून उभा. मी मागचे खिळे एकेक काढले, फळी उचलली, आणि कागद उलटा हातात घेतला. एका बाजूनं कागद जाड लागला. चार बोटांची घडी होती, मागं दुमडलेली.

वडील कुणाचं चित्र कधी कापत नसत. मापाची काच नसली तर कड मागं दुमडायची, ही त्यांची रीत. इतर फ्रेमवाले सरळ कात्री लावायचे. आणि दुमडलेल्या घडीवरून नखानं दाबायचं काम त्या काळी माझं असायचं. ही घडी दाबल्याचं मला आठवत नाही, पण दुसरं कुणी असणार नाही.

मी ती हळूहळू उघडली. साठ वर्षांहून जास्त काळ उजेड न लागलेला कागद, आतला काळा रंग अजून ताजा. गुडघ्यांवरच्या माणसाच्या मागं रांग होती. हाडं निघालेली माणसं. बरगड्या सुईनं एकेक ओढलेल्या. एक बाई, कडेवर पोर, पोराचं पोट पुढं आलेलं. प्रत्येकाच्या हातात टोपली, आणि टोपल्या सगळ्या रिकाम्या. एकानं तर उन्हासाठी डोक्यावर पालथी घातलेली. दुष्काळ होता तो. रिकामी टोपली घेऊन कर भरायला कुणी रांगेत उभं राहत नाही. किल्ली कोठाराचीच होती. कोठार तिनं उघडलं होतं.

शिपायानं विचारलं, “काय झालं, अज्जा?”

“काही नाही. घडी आहे.”

पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं ते लिहितो. पुन्हा दुमडावी. खिळे ठोकावे आणि घरी जावं. कुणाला कळणार होतं? नवी फ्रेम त्याच मापाची सांगितली होती. मी घडी परत घातलीही, अंगठा तिच्यावर ठेवला. मग काढला. शिपायाला म्हटलं, काच लहान पडते, चार बोटं मोठी आण. तो कुरकुरत गेला. मी आठवडाभर तिथं जाऊन नवी फ्रेम केली, रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत चित्र उघडं ठेवून. जोड वडिलांसारखा जमला नाही.

मग हेब्बाळला गेलो. दोन बसा बदलून. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होतो. आयुष्यात मी कुणाची माफी मागितलेली नाही, त्यामुळं शब्द सापडत नव्हते.

बांगडीवाला खोलीच्या पायरीवर बसला होता. वाळला होता. मला बघून उठला नाही, जा असंही म्हणाला नाही. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. घडी, रांग, टोपल्या.

“म्हणजे ती देत होती,” तो म्हणाला.

“हो.”

“मी सांगितलं होतं.”

“हो.”

समोर नळावर बायकांची घागरींसाठी ओरडाओरड चालली होती. 

तो म्हणाला, “मी तुम्हाला एक वर्ष काय समजत होतो माहीत आहे? मनात म्हणायचो, अण्णांनी माझं घर बुडवलं, पण खऱ्यासाठी बुडवलं. त्यांना खोटं बोलवत नाही, त्याला ते तरी काय करणार. पोरगी शिव्या द्यायची तुम्हाला. मी तिला म्हणायचो, देऊ नकोस. तो माणूस तसला आहे, खऱ्याचा.”

मी म्हटलं, “कारकून म्हणत होता, ते आधीच ठरलेलं होतं.”

“असेल.” त्यानं माझ्याकडं बघितलं. “तुम्हाला ते धरून बसायला बरं आहे.”

तेवढ्यात मुलगी कामावरून आली. मला बघून दारातच थबकली. बापानं सांगितलं, “पाणी दे त्यांना. लांबून आलेत.” तिनं तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला, हातात दिला नाही, आणि बापाला विचारलं, “कशाला आलेत?”

मी बापाकडं बघितलं. तो सांगेल असं मला वाटलं. तो समोरच्या नळाकडं बघत राहिला. ती उभीच होती, खांद्याला पिशवी, केसांत कापसाचे धागे अडकलेले.

मग मीच तिला पहिल्यापासून सांगायला घेतलं.